कोंबडीचे जनुक आणि आपले सोवळे

कोंबडीच्या जनुकांना हात लावणे म्हणजे निसर्गात ढवळाढवळ, असा पूर्वपक्ष आहे. पण कोणत्या निसर्गात? रानकोंबडी वर्षाला जेमतेम डझन-दीड डझन अंडी घालते, पिंजऱ्यातली लेअर तीनशेच्या घरात जाते. ब्रॉयलर तर सहा आठवड्यांत कापायला तयार. ही सगळी माणसाच्या निवडपैदाशीची करणी. तेव्हा कुणाचे सोवळे विटाळले नाही.

हे सारे कंपन्यांच्या नफ्यासाठी, असेही म्हणतात. नफा आहेच. पण २०१५ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले ‘कनुमा’ हे औषध जनुकबदल केलेल्या कोंबडीच्या अंड्यातल्या पांढऱ्या बलकातून काढतात, आणि चरबी पचवणारे एक विकर जन्मतःच नसलेली तान्ही बाळे त्यावर जगतात.

आता तंत्र. मेंढीच्या फलित बीजात जनुक थेट टोचता येते. कोंबडीचे अंडे बाहेर पडते तोवर आतला गर्भ हजारो पेशींचा झालेला असतो, म्हणजे ती वाट अवघडच. मात्र अडीच दिवस उबवलेल्या अंड्यात भावी बीजपेशी गर्भाच्या रक्तातून फिरत असतात. कवचाला बारीक खिडकी पाडून ते इवलेसे रक्त काढायचे, पेशी वाढवायच्या, जनुक बदलायचे, दुसऱ्या गर्भाच्या रक्तात सोडायच्या. तो कोंबडा मोठा झाला की बदल त्याच्या पिल्लांत उतरतो. यात राक्षसी काय आहे?

खरा आक्षेप वेगळा आहे आणि तो मला मान्य आहे. स्कॉटलंडच्या रोझलिन संस्थेने २०२३ मध्ये परके जनुक न घालता कोंबडीचेच एक जनुक किंचित बदलले. बर्ड फ्लूच्या नेहमीच्या मात्रेला दहांपैकी नऊ कोंबड्या पुरून उरल्या. मात्रा हजारपट केली तेव्हा निम्म्यांना लागण झाली आणि विषाणूने स्वतःत बदल करून पळवाट काढली. तीन जनुके काढल्यावर ती पळवाट बंद झाली, पण प्रयोगशाळेतल्या पेशींत. तशी कोंबडी त्या प्रयोगात जन्मली नाही. अर्धवट प्रतिकाराची कोंबडी शेडमध्ये सोडणे म्हणजे विषाणूला शिकवणी लावणे.

म्हणून काम थांबवायचे? देशातला पहिला बर्ड फ्लू फेब्रुवारी २००६ मध्ये आपल्या नवापुरात सापडला. लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. २०२१ मध्ये तोच प्रकार पुन्हा. विरोधकांनी यावर दुसरा इलाज सांगावा. नाहीतर सरकारी पशुसंशोधन संस्थांनी हे काम हाती घ्यावे, फसलेल्या प्रयोगांसकट सगळे आकडे जाहीर करावेत, आणि पोल्ट्रीवाल्यांनीही ते मागून घ्यावेत.