ब्रँडला नमस्कार, गिटारला हात!

महाग वस्तूचा एक मोठाच प्रॉब्लेम असतो, मंडळी. ती महाग आहे म्हणूनच आपण तिला तपासायला लाजतो. तीस हजारांचा फोन घेताना आपण स्क्रीन चारदा पुसून बघू, कोपरे चाचपू, कॅमेरा उघडून दुकानदाराचाच फोटो काढू. आणि दोन लाखांच्या पुढची इलेक्ट्रिक गिटार हातात आली की? चार कॉर्ड्स वाजवायच्या, हेडस्टॉकवरचं नाव डोळे भरून वाचायचं आणि कार्ड पुढे करायचं. एवढ्या मोठ्या कंपनीने केलीय म्हणजे चांगलीच असणार!

असेलही. पण ‘असणार’वर दोन लाख लावायचे नसतात.

गिब्सनची लेस पॉल १९५२ची, फेंडरची स्ट्रॅटोकास्टर १९५४ची. डिझाइन म्हणून दोघीही कधीच पास झाल्यात. पण तुम्ही डिझाइन विकत घेत नाही, एक नग विकत घेता. आणि तो नग लाकडाचा असतो. एकाच मॉडेलच्या, एकाच रंगाच्या दोन गिटार्स शेजारी ठेवा. एक हातात घेतल्या घेतल्या गाते, दुसरी नुसतीच वाजते. त्यामुळे रिव्ह्यू कितीही वाचा, शेवटी समोरचा नग तपासावाच लागतो. तो कसा? सोपं आहे. दोषांचे तीन ढीग करायचे.

पहिला ढीग: डोळ्यांना खुपणारे

लेस पॉलच्या कडेने क्रीम रंगाची पट्टी असते, तिला बाइंडिंग म्हणतात. तिच्यावर आलेला रंग कारागीर हाताने खरवडून काढतात. कुठेतरी लाल रंगाची पुसट रेघ राहून जाते. नायट्रो लॅकरचा पातळ थर वयानुसार पिवळसर होतो, त्यावर केसासारख्या भेगा पडतात. या सगळ्याने आवाजात काडीचाही फरक पडत नाही. एवढे पैसे मोजल्यावर फिनिशिंग चोख हवं, हे म्हणणं अगदी रास्त आहे. तेव्हा डिस्काउंट जरूर मागा. पण फक्त एवढ्यासाठी चांगली वाजणारी गिटार नाकारू नका.

दुसरा ढीग: हाताला कळणारे, पण सुटणारे

तारा फ्रेटबोर्डपासून फार उंच आहेत? ॲक्शन कमी करता येते. ट्यूनिंग टिकत नाही? लगेच खुंट्यांना शिव्या देऊ नका. तार पिळताना ‘टिंग’ असा आवाज आला, तर ती वरच्या नटच्या खाचेत अडकतेय. जाणता कारागीर खाच घासून देतो, विषय संपला. मानेच्या कडेवरून बोट फिरवलं की फ्रेटची टोकं बोचतात? याला कारण हवा. कोरड्या हवेत लाकूड आक्रसतं, धातू आक्रसत नाही. लेस पॉलच्या फ्रेटबोर्डला भारतीय रोझवुड, म्हणजे आपल्या सह्याद्रीतही उगवणारा शिसव लागतो. तो नॅशव्हिलला जातो, गिटार होऊन परत येतो आणि पुण्याच्या मार्चमध्ये, वर एसी लावलेल्या खोलीत, पुन्हा सुकतो! टोकं घासून गोल करता येतात. हे सगळं सेटअपचं काम, मोठं ऑपरेशन नव्हे.

तिसरा ढीग: मुळातच दुखणं

इथे मात्र थांबायचं. गिटार डोळ्यांसमोर बंदुकीसारखी धरा आणि मानेवरून ब्रिजच्या दिशेने बघा. मान किंचित आत वाकलेली असणं चांगलंच. पहिला आणि शेवटचा फ्रेट एकदम दाबला, तर मधे सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यात व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी फट हवी. कमी-जास्त असेल तर मानेतला ट्रस रॉड फिरवून जमवता येते. पण मान पिळलेली असेल, म्हणजे एक कड सरळ आणि दुसरी वाकडी, तर साध्या ट्रस रॉडने ती सुटत नाही. आणि ट्रस रॉड आधीच शेवटपर्यंत आवळलेला असेल, तर पुढच्या पावसाळ्यात फिरवायला काही उरलेलंच नाही!

सेकंडहँड लेस पॉल बघताय? मोबाइलचा टॉर्च लावा आणि हेडस्टॉकच्या मागे, मान जिथे संपते तिथे बघा. पारंपरिक लेस पॉलचा हेडस्टॉक १७ अंशांनी मागे झुकलेला असतो. महोगनीच्या रेषा तिथे आडव्या तुटतात आणि ट्रस रॉडसाठी लाकूडही नेमकं तिथेच कोरलेलं असतं. गिटार स्टँडवरून पडली की मोडते ती इथेच. फेंडरचा हेडस्टॉक सरळ आणि मेपलचा, म्हणून त्याला ही भीती फार कमी. चांगला जोडलेला हेडस्टॉक वर्षानुवर्षं वाजतो, पण किंमत मात्र चांगलीच उतरते. भेग लपवून पूर्ण किंमत कुणी मागत असेल, तर नमस्कार करून निघा.

माझ्या एका हिंजवडीकर मित्राचं सांगते. तीन वर्षं बोनस साठवून स्वारी दुकानात. समोर एकाच मॉडेलच्या दोन गिटार्स. एकीवर मेपलची अशी काही लाटालाटांची नक्षी की बघतच राहावं. दुसरीच्या बाइंडिंगवर रंगाचा डाग. हा म्हणे, ‘‘डागवाली कोण घेणार?’’ मी म्हटलं, ‘‘अरे, आधी मान बघ.’’ नक्षीवालीची मान पिळलेली होती. सात मिनिटं त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. प्रेमभंगच तो! शेवटी डागवाली घरी आली. आता डाग कुठे होता, हे त्याला शोधून सांगावं लागतं.

आता शेवटची परीक्षा, आणि ही कुणीही चुकवू नये. आधी ॲम्पशिवाय वाजवा, कारण डिस्टॉर्शन सगळी पापं झाकतं. सहा तारा, बावीस फ्रेट, म्हणजे १३२ जागा. एकेक स्वर वाजवा आणि विझेपर्यंत ऐका. कुठे खरखर? कुठे स्वर मधेच गप्प? एखाद्या जागी दम थोडा कमी असणं चालतं, लाकूड आहे. पण तुम्ही रोज जिथे सोलो वाजवता तीच जागा मेलेली असेल, तर ती गिटार तुमची नाही. मग ट्यूनर लावा. बाराव्या फ्रेटचा हार्मोनिक आणि तिथेच दाबलेला स्वर जुळायला हवेत. जुळत नसतील तर ब्रिजवरचा सॅडल मागेपुढे करतात. सॅडल टोकाला पोचूनही जुळत नसेल, तर तो तिसरा ढीग!

दुकानदार घड्याळाकडे बघेल. बघू दे. ईएमआय दोन वर्षं तुम्ही भरणार आहात, तो नाही. आणि ऑनलाइन मागवलीत, तर बॉक्स उघडल्यावर पहिलं काम स्टोरी टाकणं नव्हे. रिटर्नची मुदत संपायच्या आत त्या १३२ जागा ऐका, मग खुशाल मिरवा!