परदेशी एमबीबीएस : व्हिसा कोणाची जबाबदारी?

परदेशात एमबीबीएसला प्रवेश घेतला की व्हिसा, मुक्काम, नोंदणी ही सगळी एजंटाची कामे, मुलाने फक्त अभ्यास करावा, असे मत लातूर-नांदेडच्या पालकांत पक्के रुजले आहे. लातूरचा उद्योग भवन परिसर किंवा नांदेडचे श्यामनगर इथल्या क्लासमधून नीट देऊन थोड्या गुणांनी सरकारी जागा हुकलेली मुले रशिया, जॉर्जिया, किर्गिझस्तानकडे वळतात, तेव्हा घरची पुंजी याच भरवशावर खर्ची पडते. हे मत चुकीचे आहे आणि धोक्याचेही.

त्यात तथ्य अजिबात नाही असे नव्हे. निमंत्रणपत्र, गुणपत्रिकांचे अपोस्टिल, रशियन भाषांतर ही कामे औसा किंवा मुखेडच्या शेतकरी कुटुंबाने एकट्याने निभवावीत, ही अपेक्षा अन्यायाची ठरेल. तिथे एजंट उपयोगी पडतो. मात्र परदेशातला कायदा एजंटाला ओळखत नाही.

रशियाचेच पाहावे. विमानतळावर मायग्रेशन कार्ड हाती पडते. त्यानंतर कामाच्या 7 दिवसांत वसतिगृहाच्या पत्त्यावर नोंदणी व्हावी लागते. ती विद्यापीठ करते, पण पासपोर्ट आणि ते कार्ड वेळेत कार्यालयात नेऊन देणे विद्यार्थ्याच्याच हाती असते. पहिला व्हिसा बहुधा 3 महिन्यांचा आणि एकाच प्रवेशाचा असतो. मुदत संपण्याच्या बरेच आधी तो वाढवायला टाकावा लागतो. 90 दिवसांहून अधिक राहायचे तर बोटांचे ठसे आणि वैद्यकीय तपासणीही आली. सुट्टीत घरी येऊन परतले की नोंदणी नव्याने. यात कसूर झाली तर दंड, प्रसंगी हकालपट्टी आणि पुढे प्रवेशबंदी. ती ज्याच्या नावाचा पासपोर्ट त्याला भोगावी लागते, नांदेडच्या कन्सल्टन्सीला नाही.

‘ही नुसती कागदी कटकट, शिक्षणाशी तिचा काय संबंध?’ हा दुसरा आक्षेप. संबंध थेट डॉक्टरकीच्या नोंदणीशी आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या 18 नोव्हेंबर 2021 च्या नियमांनुसार किमान 54 महिन्यांचा अभ्यासक्रम आणि 12 महिन्यांची इंटर्नशिप एकाच परदेशी संस्थेत पूर्ण करावी लागते. मुलगा खरोखर तिथे राहून शिकला का, हे पडताळताना पासपोर्टवरचे व्हिसा आणि येण्या-जाण्याचे शिक्के पाहिले जातात. कोविड आणि युक्रेन युद्धाच्या काळात घरून ऑनलाइन शिकलेल्यांना भारतात नोंदणीसाठी किती खेटे घालावे लागले, हे सर्वांसमोर आहे.

‘नाही जमले तर दुसऱ्या वर्षी देश बदलू’ हा दिलासाही पोकळ आहे. विद्यार्थी व्हिसा विद्यापीठाच्या निमंत्रणावर मिळतो. विद्यापीठ सुटले की त्याचा आधार जातो. आयोगाची ‘एकच संस्था’ ही अट वेगळीच. सप्टेंबर 2022 मध्ये युक्रेनमध्ये शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांना अन्य देशांत शिकण्याची मुभा मिळाली, ती युद्धामुळे दिलेली सवलत होती.

म्हणून जबाबदारी घरातच घ्यावी. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे, मग वडिलांचे नाव येते. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा असतो. दोन्हींचे स्पेलिंग अर्जाआधीच जुळवावे. व्हिसा, नोंदणीची चिठ्ठी आणि प्रत्येक शिक्क्याची प्रत घरीही ठेवावी. मुदतींच्या तारखा मुलाच्या मोबाइलवर असाव्यात, तशाच आई-वडिलांच्याही. एजंटाशी करार करताना इंटर्नशिपच्या 12 महिन्यांचा व्हिसाखर्च त्यात धरला आहे का, हे लेखी विचारून घ्यावे.