जवानाच्या नावावर मत मागू नका

९ एप्रिल २०१९. लातूरचं लोकसभेचं मतदान नऊ दिवसांवर आलेलं. आपल्या जिल्ह्यात, औशाला पंतप्रधान नरेंद्र मोदींची सभा होती आणि व्यासपीठावर उद्धव ठाकरेही होते. पहिल्यांदाच मतदान करणाऱ्या तरुणांना पंतप्रधानांनी विचारलं, की तुमचं पहिलं मत बालाकोटचा हवाई हल्ला करणाऱ्या वीर जवानांना आणि पुलवामाच्या शहिदांना अर्पण होऊ शकेल का? काँग्रेसचा जाहीरनामा आणि पाकिस्तान एकच भाषा बोलतात, असा आरोपही त्याच भाषणात झाला.

पुलवामाच्या हल्ल्याला तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. १४ फेब्रुवारीला केंद्रीय राखीव पोलीस दलाचे ४० जवान गेले, त्यातले दोघे बुलडाणा जिल्ह्यातले. गावोगावी मेणबत्त्या लागल्या, बाजारपेठा बंद राहिल्या. ते दुःख खरं होतं. आमच्या मुरुडला पहाटे लातूर-बार्शी रस्त्यावर जाऊन बघा. भरतीची तयारी करणारी पोरं अंधारातच पळायला लागलेली असतात. एखाद्याच्या पायात बूट असतात, एखादा अनवाणी. कुणी कडेला उभा राहून मोबाइलवर वेळ लावतो. या पोरांना देशप्रेम शिकवायची गरज नाही. म्हणूनच त्यांच्या देशप्रेमाला हात घालून मत मागणं मला फार गंभीर वाटतं.

लष्कराच्या कारवाया प्रचारात आणू नका, असं निवडणूक आयोगानं त्या मार्च महिन्यातच सगळ्या पक्षांना बजावलं होतं. औशाच्या भाषणाची तक्रार झाली. १ मे रोजी आयोगानं त्यात आचारसंहितेचा भंग झाला नाही असं ठरवलं. आयुक्त अशोक लवासा यांचं मत वेगळं पडलं. पण लातूर आणि उस्मानाबादचं मतदान १८ एप्रिललाच उरकलं होतं. आयोगानं काहीही ठरवलं असतं, तरी यंत्रात पडलेलं मत परत येणार नव्हतं. अशा वेळी आयोगाकडं डोळे लावून बसण्यात अर्थ नाही. सभेच्या मैदानात उभ्या असलेल्या माणसानंच मनाशी काहीतरी पक्कं ठरवलेलं असायला हवं.

नेत्यांनी एकमेकांवर टीका करूच नये, असं मी म्हणणार नाही. टीका हवीच, आणि ती सणसणीत हवी. पाच वर्षं ज्याच्या हातात कारभार होता त्याची लक्तरं विरोधकानं वेशीवर टांगली नाहीत, तर आपल्याला खरं कळणार कुठून? रस्ता कागदावर झाला की जमिनीवर, टँकरचं बिल कुणी उचललं, पीक विम्याचे पैसे कुठं अडकले, हे विचारणारा विरोधक गावावर उपकारच करतो. मात्र तुम्ही काय केलंत असं विचारणं वेगळं आणि तुम्ही देशाचेच नाही असं म्हणणं वेगळं. कामाबद्दलच्या आरोपाला कागदपत्रांनी उत्तर देता येतं. निष्ठेचा कागद कुठल्या तलाठ्याकडं मिळतो? ज्याच्यावर असा आरोप होतो तो सगळा प्रचार स्वतःचं देशप्रेम सिद्ध करण्यात घालवतो, आणि आरोप करणाऱ्याला त्याच्या कामाचा हिशेब कुणी विचारत नाही.

अमेरिकेत हे आपल्या कितीतरी आधी घडलं. १९८८ च्या अध्यक्षीय निवडणुकीत मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर मायकेल डुकाकिस उमेदवार होते. शिक्षकांनी वर्गात मुलांकडून राष्ट्रध्वजाची प्रतिज्ञा म्हणवून घेतलीच पाहिजे, असं सांगणारं विधेयक त्यांनी १९७७ साली, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा सल्ला घेऊन नाकारलं होतं. अकरा वर्षांनी त्यांचे प्रतिस्पर्धी थोरले जॉर्ज बुश यांनी तेच उकरून काढलं. ते झेंडे बनवणाऱ्या कारखान्यालाही जाऊन आले. डुकाकिस हरले. २००४ साली तर कहर झाला. व्हिएतनाममध्ये लढलेले, जखमी झाल्याबद्दल तीन पदकं मिळालेले जॉन केरी उमेदवार होते. त्यांनी शौर्याच्या गोष्टी खोट्या सांगितल्या, अशा जाहिराती काही माजी सैनिकांच्या गटानं टीव्हीवर चालवल्या. युद्धावर गेलेल्या माणसालाच आपण युद्धात काय केलं याची साक्ष द्यावी लागली. तेही हरले. युद्धात जखमी झालेल्या माणसाची निष्ठा जिथं मतांसाठी फाडली जाते, तिथं साध्या नागरिकाची काय कथा?

त्याच देशातला दुसरा प्रसंगही सांगितला पाहिजे. ऑक्टोबर २००८ मध्ये मिनेसोटातल्या सभेत एक बाई जॉन मकेन यांना म्हणाल्या, की माझा ओबामांवर विश्वास नाही, ते अरब आहेत. मकेन यांनी त्यांच्या हातातून माइक घेतला आणि सांगितलं, की तसं नाही. ते सभ्य, कुटुंबवत्सल नागरिक आहेत, माझे त्यांच्याशी मूलभूत मुद्द्यांवर मतभेद आहेत इतकंच. त्यांच्याच गर्दीतून नाराजीचे सूर उमटले. मकेन स्वतः व्हिएतनाममध्ये पाच वर्षांहून अधिक काळ युद्धकैदी होते. देशप्रेमाचा अधिकार सांगायचाच झाला तर त्यांच्याइतका कुणाला असता? त्यांनी तो प्रतिस्पर्ध्याच्या विरोधात वापरला नाही.

आपल्याकडंही असं घडू शकतं. २०२४ च्या विधानसभा प्रचारात सदाभाऊ खोत जतच्या सभेत शरद पवारांच्या चेहऱ्यावरून बोलले, तेव्हा युतीतच असलेल्या अजित पवारांनी त्याचा जाहीर निषेध केला आणि खोतांना दिलगिरी व्यक्त करावी लागली. दोष एकाच बाजूचा नाही. ‘चौकीदार चोर है’ ही घोषणा सर्वोच्च न्यायालयाच्या तोंडी घातल्याबद्दल राहुल गांधींना २०१९ साली न्यायालयाची बिनशर्त माफी मागावी लागली होती. ‘गद्दार’ आणि ‘खोके’ हे शब्द आपण इतके ऐकले, की सोयाबीन, पाणी, नोकरी हे शब्द त्यांच्याखाली दबून गेले.

मराठवाड्यात या शब्दांची जखम जास्त खोल आहे. १९४८ पर्यंत बार्शी मुंबई प्रांतात होती आणि मुरुड निजामाच्या राज्यात. रझाकारांच्या जाचानं कितीतरी कुटुंबं रातोरात सरहद्द ओलांडून गेली. १७ सप्टेंबरची मुक्ती आपल्याला आयती मिळालेली नाही. त्याच लढ्यात हैदराबादचे संपादक शोएबुल्ला खान भारतात विलीन व्हा असं लिहीत राहिले, आणि ऑगस्ट १९४८ मध्ये मारेकऱ्यांनी त्यांचा जीव घेतला. आज रझाकार हा शब्द एखाद्या संपूर्ण समाजावर फेकणाऱ्यांनी हे नाव आधी आठवावं. बीदर जिल्ह्यातल्या वरवट्टीत रझाकारांनी लावलेल्या आगीत मल्लिकार्जुन खर्गे यांची आई आणि बहीण गेली. नोव्हेंबर २०२४ मध्ये योगी आदित्यनाथ यांनी विदर्भातल्या प्रचारसभेत ती आग बोलून दाखवली आणि खर्गे मतांसाठी ते सत्य विसरले असा आरोप केला. ज्याच्या घरातली माणसं जळाली, त्यानं आपलं दुःख कसं आठवावं हेही आता प्रचारसभेत ठरणार का?

आपला कायदा या बाबतीत शहाणा आहे. उमेदवाराच्या फायद्यासाठी राष्ट्रध्वज किंवा राष्ट्रचिन्हाचा वापर करून मत मागणं हा १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ नुसार भ्रष्ट मार्ग ठरतो. झेंडा सगळ्यांचा, म्हणून तो कुणा एकाच्या प्रचाराचा नाही, हा त्यामागचा विचार. मला वाटतं, शहीद जवान या विचारात ध्वजाइतकाच बसतो. त्याचं बलिदान पक्षासाठी नव्हतं. ज्याला तुम्ही देशद्रोही म्हणता, त्याच्या घरादाराचं रक्षण करतानाही तो उभा होता.

जवानांबद्दल बोलायचं असेल तर जरूर बोला. २०२२ पासून अग्निपथ योजनेत चार वर्षांसाठी भरती होते आणि त्यातल्या जास्तीत जास्त पंचवीस टक्क्यांनाच पुढं कायम केलं जातं. बाकीची पोरं गावी परतल्यावर त्यांना काय काम देणार? पहाटे पळणाऱ्या पोरांच्या आईबापांना या प्रश्नाचं उत्तर हवं आहे.

आणि सोयाबीनचंही बोला. २०२४ च्या प्रचारात एका बाजूनं सहा हजारांचा भाव सांगितला, दुसऱ्या बाजूनं सात हजारांचा. तेव्हा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजारात तेवढेही मिळत नव्हते. हमीभाव केंद्रावर मूठभर दाणे यंत्रात टाकले जायचे, आकडा बाराच्या वर गेला की ओलावा जास्त म्हणून माल परत. मतदानाच्या तोंडावर ती मर्यादा पंधरा टक्क्यांवर नेली. २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ रुपये जाहीर झाला. हा आकडा आणि प्रचारात दिलेला शब्द शेजारी शेजारी ठेवून जाब विचारता येतो. देशप्रेमाच्या भाषणाला असा आकडा लावता येत नाही, म्हणून ते भाषण करणं सोपं असतं.

लातूर ग्रामीणच्या मतदाराला कुणी गृहीत धरू नये. ऑक्टोबर २०१९ च्या विधानसभेला इथं ‘नोटा’ला २७,५०० मतं पडली आणि ती दुसऱ्या क्रमांकावर होती. त्यामागची कारणं राजकीय होती हे मला ठाऊक आहे, पण इथला माणूस विचार करून बटण दाबतो हे त्यातून दिसलं.

माझं म्हणणं इतकंच. पुढच्या सभेत कुणीही, कुठल्याही पक्षाचा नेता जवानाच्या नावानं मत मागू लागला किंवा समोरच्याला देशद्रोही म्हणाला, तर टाळी वाजवू नका. त्याला सरळ सांगा, की जवानाला आमचा सलाम आहेच, त्यासाठी तुमची मध्यस्थी नको. तुम्ही तुमच्या कामाचं बोला. टाळी मिळायची थांबली, की हे बोलणंही थांबेल.