भिजकी वही तपासू द्या

मा. अध्यक्ष व विश्वस्त,
श्री संत तुकाराम महाराज संस्थान, देहू

कीर्तनात बुवांनी 'तुका म्हणे' म्हटले की वाद मिटतो. ज्या शब्दांना एवढा अधिकार आहे ते खरोखर तुकोबांचेच का, हे पडताळण्याची सोय साध्या वारकऱ्याला हवी. ती मागण्यासाठी हे पत्र.

ही मागणी संप्रदायाला परकी नाही. ज्ञानेश्वरी शके १२१२ची. पुढच्या जवळजवळ तीनशे वर्षांत नकला करताना पाठ बिघडले, म्हणून एकनाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ती शुद्ध केली. ज्ञानेश्वर माउलींवर त्यांच्याइतकी निष्ठा कुणाची असेल? तरी समोर आलेली पोथी त्यांनी जशीच्या तशी स्वीकारली नाही. मात्र कोणता पाठ का सोडला, याची नोंद आपल्यापर्यंत आलेली नाही. त्यांचा निर्णय आपण मानतो. तो तपासणे आपल्या हाती उरलेले नाही. म्हणूनच इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी १९०९ मध्ये वेगळ्या पाठांची ज्ञानेश्वरी छापली, तेव्हा ती नाथपूर्व आहे की नाही यावर वाद झाला.

तुकोबांच्या गाथेच्या बाबतीत हे टाळता येईल. सरकारने २४,००० रुपये देऊन छापवलेली, शंकर पांडुरंग पंडितांच्या देखरेखीखालची गाथा १८७३ पर्यंत पूर्ण झाली. तिच्यासाठी देहू, तळेगाव, पंढरपूर, कडूस इथल्या पोथ्या जमवल्या होत्या. तरीही आज वेगवेगळ्या छापील गाथांमध्ये अभंगांची संख्या जुळत नाही, क्रमही जुळत नाही. निर्याणाच्या अभंगांवर तुकोबांच्या सदेह वैकुंठगमनाची श्रद्धा उभी आहे. ते अभंग कोणत्या पोथीत आहेत, कोणत्या काळातल्या हाताने लिहिलेले आहेत, हे भाविकाला कुणी सांगत नाही.

आणि देहूच्या देवळात भिजकी वही आहे. ती तुकोबांच्या हातची, इंद्रायणीतून तरून आलेली, अशी श्रद्धा आहे. कागद, शाई आणि अक्षराचे वळण यांवरून वहीच्या वयाचा बराच अंदाज बांधता येतो. अशा तपासणीने श्रद्धा बुडत नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात १,२५९ हस्तलिखिते ताडून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. त्यात वस्त्रहरणाच्या वेळी द्रौपदीने कृष्णाला मारलेली हाक मूळ संहितेतून तळटिपांत गेली. म्हणून कुणा आजीने ती गोष्ट नातवंडांना सांगायची थांबवली नाही.

वही खरी ठरली म्हणून विठ्ठल सिद्ध होत नाही, खोटी ठरली म्हणून तो नाहीसाही होत नाही. तो प्रश्न प्रयोगशाळेचा नाही. पण तुकोबांच्या नावावर कुणी आपल्याला वागणूक शिकवू लागला, बायकांनी काय करावे, कुणी कुठे बसावे हे सांगू लागला, तर त्याने पुरावा दाखवलाच पाहिजे. वेदांचा अर्थ सांगण्याचा मक्ता मोडणाऱ्या संताच्या शब्दांवर नवा मक्ता बसू देणे मला सहन होत नाही.

म्हणून विनंती अशी: भिजक्या वहीची आणि मिळतील तेवढ्या जुन्या पोथ्यांची स्वच्छ छायाचित्रे सर्वांसाठी खुली करावीत. प्रत्येक अभंगाखाली तो कुठे आढळतो, कुठे नाही, हे छापावे. वहीला इजा न होता जी तपासणी शक्य असेल ती जाणकारांकडून, वारकरी प्रतिनिधींसमोर करवून घ्यावी. वही तुकोबांनंतरची निघाली, तर तेही तिच्याशेजारी मराठीत लिहून लावावे.

आपला,
एक वारकरी