तराजूला मोहर, यंत्राला का नाही?

चामोर्शीच्या बाजारात धान्य तोलणाऱ्या व्यापाऱ्याला आपली वजने व तराजू ठराविक मुदतीत सरकारी निरीक्षकाकडून तपासून घ्यावे लागतात. मात्र रक्त तपासणारे यंत्र खरे सांगते की खोटे, असे विचारण्याची सवय आपल्याला नाही. कागदावर छापून आलेला आकडा म्हणजे वेदवाक्य, अशी आपली समजूत!

हिवताप आणि सिकलसेल हे दोन्ही आजार मुरलेल्या गडचिरोली जिल्ह्यात ही समजूत घातक ठरू शकते. सिकलसेलची प्राथमिक चाचणी नळीतील गढूळपणा पाहून केली जाते. तिचे रसायन जुने झाले, किंवा रक्तातील हिमोग्लोबिन फारच उतरलेले असले, तर दोष असूनही नळी स्वच्छ दिसू शकते. शिवाय वाहक कोण व रुग्ण कोण, हे या चाचणीतून कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिससारखी पुढची चाचणी लागते. दोन वाहकांचा विवाह झाल्यास प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. एका चुकीच्या अहवालाचे मोल असे पुढच्या पिढीला चुकवावे लागते.

उपाय अवघड नाही. मूल्य आधीच ठाऊक असलेला नियंत्रण-नमुना रोज सकाळी प्रथम यंत्रात तपासावयाचा, आलेला आकडा आलेखावर मांडावयाचा आणि तो मर्यादेबाहेर गेला, तर कारण सापडेपर्यंत रुग्णांचे अहवाल रोखून धरावयाचे. कारखान्यांतील ही रीत लेव्ही व जेनिंग्ज या अमेरिकन संशोधकांनी १९५० साली रोगनिदानासाठी सुचविली. विजेचा चढउतार, धूळ आणि चंद्रपूर-गडचिरोलीचा उन्हाळा यांना तोंड देणाऱ्या यंत्रांना तर तिची अधिकच गरज आहे.

यात खर्च आहे, तंत्रज्ञावरील भारही वाढतो, हे मान्य. परंतु हिवतापाच्या काही काचपट्ट्या दुसरीकडे फेरतपासणीस पाठविण्याची पद्धत राष्ट्रीय कार्यक्रमात आहेच. तोच न्याय यंत्रांना लावता येईल. २०२३ साली सुरू झालेल्या सिकलसेल निर्मूलन मोहिमेने सात कोटी लोकांच्या तपासणीचे लक्ष्य ठेवले आहे. तपासण्या किती झाल्या याबरोबरच खऱ्या किती ठरल्या, हाही हिशेब जनतेसमोर यावयास हवा.

म्हणून सरकारी असो वा खासगी, प्रत्येक प्रयोगशाळेने त्या दिवसाचा नियंत्रण-आलेख दर्शनी भिंतीवर लावावा, असा नियम शासनाने करावा. पावशेर डाळीच्या तोलाविषयी दक्ष असणाऱ्या समाजाने रक्ताच्या थेंबाबाबत बेफिकीर राहावे, हे शोभत नाही.