आरसा आणि चिलखत

परवा शाळेतील मुलांना घेऊन सुरतेचा किल्ला पाहण्यास गेलो होतो. पोर्तुगीजांच्या हल्ल्यांपासून शहर राखण्यासाठी खुदावंद खान या तुर्की सरदाराने सोळाव्या शतकाच्या मध्यास तापीकाठी तो बांधविला. तेव्हा तुर्की शिपायाचा वेष मुलांना सांगणे ओघानेच आले. अंगात कड्यांचे चिलखत आणि त्यावर, छातीशी, घासूनपुसून लखलखीत केलेली वाटोळी पोलादी तबकडी. इराणात व आपल्याकडे तिच्याच जातीचे चार पत्र्यांचे बख्तर असे. त्याचे नावच मुळी चार-आईना, म्हणजे चार आरसे! छाती, पाठ आणि दोन्ही कुशी त्याने झाकत. कित्येकांवर कुराणातील वचने कोरलेली असत.

"गुरुजी, आरसा फुटत नसे का?" सहावीतील एका मुलाने विचारले. सारे हसले. आरसा नावापुरता, धातू पोलादच, असे मी सांगितले. पण तेवढ्याने त्याचे समाधान झाले नाही. "माझ्या आजीच्या काचोळीवर खरे आरसे आहेत. दृष्ट लागू नये म्हणून असतात, असे ती म्हणते."

संध्याकाळी सचिनला परतल्यावर त्याच्या घरी गेलो. मंडळी खानदेशातील बंजारा. या लोकांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर धान्य लादून मोगलांच्या व मराठ्यांच्या फौजांमागे हिंडले. चार-आईना ल्यालेले स्वार त्यांनी जवळून पाहिले असणार.

आजींनी ट्रंकेतून काचोळी काढली. भिंगे करडसर, किंचित बाकदार. त्या बाकावरूनच ती जुनी काच ओळखावी. खेडा जिल्ह्यातील कपडवंजचे कारागीर फुंकनळीने काचेचा मोठा गोळा फुगवीत, आतून त्याला शिशाची कल्हई देत आणि मग तो फोडून त्याच्या चकत्या करीत. यंत्राने कापलेल्या सपाट आरशांनी ती कला मागे टाकली.

मुलाची आई दाराशी बसून साड्यांवर प्लास्टिकच्या टिकल्या लावीत होती. सुरतेच्या बाजाराचे हे घरबसल्या काम, मजुरी नगावर. नातीच्या लग्नात काचोळी हवी, पण निखळलेल्या भिंगांच्या जागी टिकल्या लावाव्यात, असे तिचे म्हणणे. हलक्या, फुटण्याचे भय नाही.

"त्यात तोंड दिसते का?" आजींनी विचारले.

सून काही बोलली नाही. मी मोजली, अकरा भिंगे कमी होती. सुरतेत जुनी काच कोठे मिळेल, याची चौकशी करण्याचे कबूल करून मी उठलो.