कडेची वाट

आमच्या वऱ्हाडात कंबरदुखीचा माणूस दवाखान्यातून परत आला आणि "काय निघालं?" म्हणून विचारलं, की उत्तर ठरलेलं असतं. "मणक्यात गॅप हाय." बाजार समितीतला हमाल हेच सांगतो आणि बँकेतून निवृत्त झालेले साहेबही हेच सांगतात. गंमत अशी की एक्सरेत डॉक्टरांना जे दिसतं ते बहुतेक वेळा याच्या उलट असतं. दोन मणक्यांच्या मधली गादी झिजते, त्यामुळे त्यांच्यातली जागा कमी होते. गॅप पडत नाही, असलेला बुजत जातो. आयुष्यभर मराठी शिकवल्यामुळे चुकीचा शब्द दिसला की माझा हात लाल पेनाकडे जातो. पण अख्ख्या जिल्ह्याच्या तोंडी बसलेला शब्द खोडणारी मी कोण? असो.

हा गॅप सध्या आमच्याच घरात मुक्कामाला आहे. माझ्या धाकट्या जावेचा कमरेतला चौथा मणका पाचव्यावर किंचित पुढे सरकलाय आणि नसा जातात ती नळी तिथे अरुंद झालीय. दहा मिनिटं चाललं की दोन्ही पायांत गोळे येतात, बसलं की उतरतात. भाजीवाल्याच्या गाडीला धरून, वाकून चाललं तर तिला बरंच चालवतं, कारण पुढे वाकलं की ती नळी जराशी उघडते. एका दवाखान्यात सांगितलं, दोन मणके जोडून टाकू. आणि तेही पाठ न फाडता, कडेनं. सोबत एक रंगीत पत्रक दिलं. त्यात एका अवजाराचं चित्र आहे, त्याचं टोक हव्या त्या कोनात वळवून पक्कं करता येतं. झालं! घरातल्या सगळ्या मोबाईलांवर ते चित्र फिरलं, पुतण्यानं व्हिडिओ पाठवला, आणि दोन एकर वावर गहाण टाकायची भाषा सुरू झाली. सगळ्यांना वेगवेगळं सांगण्यापेक्षा माझं मत एकदाच इथे लिहिते.

आधी त्या अवजाराविषयी, कारण ते मला मनापासून आवडलं.

कमरेच्या मणक्यांपर्यंत जायच्या वाटा मोजक्याच आहेत. समोरून जावं तर पोट आणि मोठ्या रक्तवाहिन्या बाजूला कराव्या लागतात. मागून जावं तर पाठीचे स्नायू सोडवावे लागतात आणि नसा हलवाव्या लागतात. मागून जाऊन गादीच्या जागी हाड भरायचं तंत्र होनोलुलूच्या डॉ. क्लोवर्ड यांनी १९४० च्या दशकात बसवलं. आपल्याकडे ते रुजवण्यात गोव्याचे डॉ. प्रेमानंद रामाणी यांचं नाव घ्यावं लागतं. न्यूकॅसलला शिकून आलेले, मुंबईत आधी शीव रुग्णालयात आणि पुढे लीलावतीत काम केलेले. मणका म्हटलं की मराठी घरांतून अजूनही पहिलं नाव त्यांचंच निघतं.

कडेची वाट त्यामानानं नवी. ब्राझीलचे डॉ. लुईझ पिमेंटा यांनी ती चालवून दाखवली आणि २००६ मध्ये अमेरिकन सहकाऱ्यांबरोबर तिच्यावर निबंध छापला. रोग्याला कुशीवर निजवायचं, बरगड्या आणि कमरेचं हाड यांच्यामधल्या मऊ जागेत लहान छेद घ्यायचा, आतड्यांच्या मागून सोआस नावाच्या जाड स्नायूतून वाट काढत गादीपर्यंत पोचायचं. गादी खरवडून तिच्या जागी एक पोकळ डबी बसवायची, तिला म्हणतात केज. तिच्यात हाडाचा चुरा भरलेला असतो. कडेनं गेल्यामुळे केज लांबरुंद बसवता येते, मणक्याच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत. काठाचं हाड टणक असतं, त्यामुळे केज सहसा रुतत नाही. शिवाय ती दोन मणक्यांना पुन्हा दूर करते आणि दबलेल्या नसेला जागा मिळते. म्हणजे आपल्या लोकांचा तो गॅप इथे डॉक्टर मुद्दाम पाडतात!

अडचण येते ती चौथ्या आणि पाचव्या मणक्याच्या मधे. मूल कडेवर घेतलं की ते ज्या हाडावर टेकतं ते हाड बायकांना कुणी दाखवायला नको. सिझेरियनच्या वेळी कण्यात इंजेक्शन देताना भूलतज्ज्ञ दोन्हीकडची ही हाडं चाचपून मधे एक रेघ मनात ओढतात. ती रेघ साधारण चौथ्या मणक्यावरून किंवा त्याच्याखालच्या गादीवरून जाते. म्हणजे कडेनं त्या गादीकडे निघालेल्या डॉक्टरांच्या वाटेत हे हाड भिंतीसारखं उभं. कुणाचं हाड खाली असतं, त्याचं काम सुरळीत होतं. कुणाचं उंच असतं, तिथे सरळ दांड्याचं अवजार वरून तिरकं घालावं लागतं. मग त्याचं टोकही तिरकंच जातं आणि गादीऐवजी पाचव्या मणक्याच्या पृष्ठभागावर घासतं. तो पृष्ठभाग दुखावला की केज हळूहळू हाडात रुतायची भीती. (त्याच्याही खाली, पाचवा मणका आणि माकडहाडाच्या वरचं त्रिकोणी हाड यांच्यामधे, सरळ कडेनं जाताच येत नाही. भिंत पूर्णच आडवी.) टेबल मधून वाकवून बरगडी आणि हाड यांच्यातली फट वाढवता येते, पण जास्त वाकवलं तर सोआसमधल्या नसा ताणल्या जातात.

यावर कुणीतरी विचार केला की हाड हलणार नाही, तर अवजारानं वळावं. दांडा तिरका राहून भिंतीवरून जाईल आणि टोक मात्र गादीला समांतर राहील. ठरावीक कोनात वाकवलेली अवजारं केली गेली, पण प्रत्येकाचं हाड वेगळं आणि गादीचा उतारही वेगळा. म्हणून मग कोन जागेवरच बदलून पक्का करता येईल असा सांधा त्यात घातला. कंपासपेटीतला गुण्या आणि कोनमापक यांच्यात जो फरक, तोच इथे. माणसाच्या शरीराला अवजाराप्रमाणे वागायला न लावता अवजाराला शरीराचं ऐकायला लावलं, हे मला फार शहाणपणाचं वाटतं. माझ्या वर्गात एकच साच्याचं शिकवणं सगळ्या मुलांच्या डोक्यात घालायची सक्ती वरून यायची, तेव्हा असा एखादा सांधा मिळाला असता तर!

पण सांधा आला की सांध्याची दुखणीही येतात. परतवाड्याच्या सागवानी वखारींतल्या कुठल्याही सुताराला विचारा. पटाशीच्या दांड्यावर हातोडी सरळ बसली तर सगळा जोर धारेपर्यंत जातो. दांडा आणि धार यांच्यात कोन असला की जोराचा काही भाग बाजूला फेकला जातो आणि पटाशी वळायला बघते. केज बसवतानाही हातोडीचे ठोके द्यावे लागतात. तेव्हा तो सांधा रेसभर हलला तरी टोक कुठल्या कुठे जाईल, आणि समोरच्या बाजूला मोठ्या रक्तवाहिन्या आहेत. म्हणून मला त्या पत्रकातल्या कोनापेक्षा त्या कुलपाची चौकशी करावीशी वाटते. दुसरं म्हणजे स्वच्छता. सरळ दांडा घासून धुता येतो. सांध्याच्या फटीत रक्त सुकून बसतं आणि ते राहिलं तर नुसत्या वाफेच्या भट्टीवर भरवसा ठेवता येत नाही. असं अवजार उघडून, सुटं करून धुवावं लागतं. आणि आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी हे संच दवाखान्याच्या मालकीचे नसतात. ऑपरेशनपुरते वितरकाकडून येतात, काम झालं की पुढच्या गावाला जातात. काल कुठे होतं, कुणी धुतलं, सांधा ढिला झालाय का, हे कुणीतरी पाहायला हवं.

हे सगळं नीट आहे असं धरून चाला. उत्तम अवजार आहे, कुलूप पक्कं आहे, स्वच्छ आहे. तरी माझा आक्षेप उरतोच. हे अवजार एका प्रश्नाचं उत्तर आहे: उंच हाड ओलांडून त्या गादीपर्यंत नीट कसं पोचायचं? आमच्या घरात ते दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर म्हणून फिरतंय: तिचे मणके जोडायचे का? परीक्षेत काही मुलं पाठ केलेलं उत्तर भलत्याच प्रश्नाखाली सुंदर अक्षरात लिहून ठेवत. अक्षर पाहून मार्क द्यायचा मोह होतो, पण द्यायचे नसतात.

आणि या दुसऱ्या प्रश्नावर जगात बरंच काम झालेलं आहे. स्वीडनमधला एक अभ्यास २०१६ मध्ये छापून आला. नळी अरुंद झालेल्या २४७ रोग्यांपैकी, त्यांतल्या अनेकांचा मणका सरकलेलाही होता, काहींची फक्त नळी मोकळी केली आणि काहींचे मणकेही जोडले. दोन वर्षांनी दोन्ही गटांच्या तब्येतीत म्हणण्यासारखा फरक नव्हता. त्याच वर्षी अमेरिकेतला ६६ रोग्यांचा अभ्यास आला, त्यात जोडणाऱ्यांना थोडा अधिक फायदा झाला आणि त्यांची पुन्हा ऑपरेशनं कमी झाली. मग २०२१ मध्ये नॉर्वेचा, २६७ रोग्यांचा, सगळे मणका सरकलेलेच. तिथे नुसतं मोकळं करणं हे जोडण्याच्या मागे पडलं नाही. म्हणजे मतभेद आहे, पण "मणका सरकला म्हणजे जोडलाच पाहिजे" असं कुणी छातीठोकपणे सांगू नये इतपत पुरावा नक्की आहे. मणका फार सरकलेला असेल, वाकताना हलत असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा जोडणंच बरं असू शकतं आणि कडेची वाट चांगली असू शकते. पण हलतोय की नाही हे कळायला पुढे वाकून आणि मागे वाकून, उभ्यानं एक्सरे काढतात. जावेच्या फायलीत ते मला सापडले नाहीत. निजून काढलेला एमआरआय आहे, तो किती महागाचा होता हेही मला तीनदा सांगून झालंय.

कडेच्या वाटेचा एक त्रास पत्रकाच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात आहे. सोआसमधून मांडीकडे जाणाऱ्या नसा असतात. ऑपरेशननंतर काही दिवस किंवा महिने मांडी बधिर राहणं, पाय उचलायला जड जाणं हे यात बऱ्याच जणांना होतं. बहुतेकांचं जातं, काहींचं राहतं. म्हणून ऑपरेशन चालू असताना नसांवर यंत्रानं लक्ष ठेवतात. ज्या बाईचं दुखणंच पायाचं आहे तिला हे आधी मोठ्या अक्षरात सांगायला हवं.

पैशाचंही बोलते, म्हणजे पुतण्याला राग आला तर एकदाच येईल. अवजार परत जातं, केज आणि स्क्रू शरीरात राहतात, आणि बिल फुगतं ते त्यांनी. सरकारनं २०१७ च्या फेब्रुवारीत हृदयाच्या स्टेंटची आणि ऑगस्टमध्ये कृत्रिम गुडघ्याची कमाल किंमत ठरवून दिली. त्या दोन्ही आदेशांत मणक्याच्या केज नव्हत्या. तेव्हा ऑपरेशनआधी केज आणि स्क्रूची किंमत वेगळी लिहून मागा. राजीव गांधी जीवनदायी योजना जुलै २०१२ मध्ये पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत आपला अमरावती होता. २०१७ पासून तिला महात्मा जोतिराव फुल्यांचं नाव आहे. वावराचा सातबारा काढण्याआधी योजनेच्या आरोग्यमित्राला जाऊन विचारावं, कोणतं ऑपरेशन बसतं आणि कुठल्या दवाखान्यात.

लघवी अडली, जांघेतली संवेदना गेली किंवा पाऊल लुळं पडलं, तर यातलं काहीही वाचत बसू नका, त्याच रात्री अमरावती गाठा. तिला तसं काही नाही. दुखतंय, पण निवांत विचार करायला वेळ आहे.

सोमवारी तिला नागपूरला दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला न्यायचं ठरलंय. मी कागदावर लिहून दिलंय: वाकून काढलेले एक्सरे हवेत का, नुसती नळी मोकळी करून भागेल का, नसेल तर का नाही, जोडायचंच तर मागून की कडेनं, आणि तिचं कमरेचं हाड किती उंच आहे, कडेनं या जागेवर तुम्ही स्वतः किती केलीत. शेवटचा प्रश्न विचारायला पुतण्या लाजतोय, तो मी विचारीन. रंगीत पत्रक घरीच ठेवा. आणि गाडीत मागची सीट अख्खी मोकळी पाहिजे, अमरावतीच्या पुढे तिला बसवत नाही.